कॅप्टननं आणलेला विमा

कॅप्टन मकरंद खेर म्हणजे वैमानिकांचे पुढारी. नव्या कराराच्या वेळी कंपनीच्या साहेबांनी विचारलं, पगारवाढ हवी की आरोग्य विमा? कॅप्टननी टेबलावर मूठ आपटली, "पगार राहू द्या, विमा तगडा पाहिजे!" साहेब लगेच हो म्हणाले. वैमानिकांनी कॅप्टनच्या गळ्यात हार घातले.

सुट्टीत जबलपूरला, विजय नगरच्या घरी आले आणि छातीत धडधडायला लागलं. कॅप्टन तोंडाला रुमाल बांधून शहराच्या दुसऱ्या टोकाला, घमापूर भागातल्या एका जुन्या डॉक्टरकडे निघाले. बायको विनता करवादली, "अहो, एवढं भांडून विमा आणला, मग मोठ्या दवाखान्यात काहून नाही जाऊन राहिले?"

"हळू बोल! कार्ड दाखवलं की कंपनीला कळते, अन् कंपनीला कळलं की माझं उडणं बंद. आमचा एकही पायलट ते कार्ड खिशातून काढत नाही."

घमापूरला त्यांनी स्वतःच्या नावाऐवजी सासऱ्यांचं नाव सांगितलं, रोख पैसे दिले आणि पावती न घेताच सटकले.


पुढच्या कराराच्या वेळी साहेब स्वतःहून हसत म्हणाले, "कॅप्टन, यंदा विमा दुप्पट करून देतो. पगाराचं तेवढं बोलू नका."