आप्पांची सही

मूकबधिरांच्या शाळेतल्या बाई भोसरीच्या दहावीच्या वर्गात आल्या होत्या. "या मुलांशी हातांनी, ओठांनी बोलणारी माणसंच मिळत नाहीत. शिकलात तर नोकरी पक्की," म्हणाल्या. मंदाला ते फारच पटलं. फॉर्म घेऊनच ती घरी आली.

आप्पा अठरा वर्षं कंपनीत लोखंड ठोकायच्या हॅमरवर. अलीकडे घरातले सगळे त्यांच्याशी हातवारे करूनच बोलत. मंदानेही शाळा, शिक्षण, होस्टेल, सगळं बोटांनी नीट समजावलं. आप्पांना सगळं कळलं. त्यांनी सही न करताच फॉर्म परत दिला आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल असे ओरडले,

 

"बहिऱ्यांच्यात तुझं काय काम गं? आपल्या घरात हाय का कुणी तसलं?"