फर्मान येईपर्यंत

ख्रिस्तजन्माच्या दोन हजार सालच्या ज्युबिलीला, म्हणजे महोत्सवाला, सांडोर गावच्या चर्चच्या पटांगणात रोमन नाटक रंगलं, आणि गोणपाटाच्या कातड्यात सिंह झालेल्या साठीच्या सायमनची पाचावर धारण बसली. नाटकात ख्रिस्त्यांना अभय देणारं सम्राटाचं फर्मान आलं, की सिंहानं शेपूट घालून मागं फिरायचं. पण फर्मान वाचणारा दूत चाळशी आणायला घरी पळालेला! सिंहापुढं गुडघे टेकलेली ख्रिस्ती कैदीण म्हणजे सायमनचीच बायको लुईझा. तिच्याभोवती सिंहाच्या सतरा फेऱ्या झाल्या. “खा रे एकदाची!” मंडळी ओरडली. लुईझा पुटपुटली, “मला खाल्लं तर उद्या भाकरी कोन थापनार?” खाल्लं तर इतिहास बुडणार, नाही खाल्लं तर नाटक! शेवटी सिंह दोन पायांवर उठून गरजला, “सम्राटाचा हुकूम हाय! आजपासून ख्रिस्ती मानसाला कोनी हात लावायचा नाय!” टाळ्या कडाडल्या. लुईझा मात्र गुडघ्यांवरच कण्हली, “हात लावायचा नाय, तर मला उठवनार कोन?”