दिव्याची बेल

आमच्या घरी बेल दाबली की हॉलमध्ये लाल दिवा लागतो. आई पस्तिशीतच बहिरी झाली, तेव्हा बाबांनी तो बसवून घेतला होता. आता मलाही कमी ऐकू यायला लागलं, म्हणून केतकीबरोबरचा साखरपुडा मी पुढे ढकलत होतो. हे आपल्या पोरांच्या वाट्याला नको, एवढंच डोक्यात होतं.

माझ्या जनुकीय तपासणीचा रिपोर्ट घ्यायला धाकटी बहीण मुक्ता सोबत आली होती, डॉक्टर मॅडमचं बोलणं मला नीट कळावं म्हणून. तिच्या मांडीवर तिची तान्ही लेक रेवा किल्ल्यांचा जुडगा वाजवत होती आणि त्या आवाजाला स्वतःच खिदळत होती.

"हा दोष फक्त आईकडून येतो," मॅडम सावकाश, मोठ्यानं म्हणाल्या. "तो सगळ्या मुलांत उतरतो. कुणाला लवकर त्रास होतो, कुणाला उशिरा. पण पुढेही तो बायकांकडूनच जातो, पुरुषांकडून नाही. तुम्ही खुशाल लग्न करा."

मी तिथूनच केतकीला मेसेज केला, 'तारीख काढायला सांग.' तिचं उत्तर दाखवायला वळलो, तर मुक्ता रेवाच्या हातातल्या किल्ल्यांकडे बघत होती. मी मोबाइल खिशात घातला.

रिक्षात बसल्यावर तिनं रेवाला नीट मांडीवर घेतलं. मग मला ओठ दिसतील अशी वळून म्हणाली, "दादा, बाबांनी तो दिवा कुणाकडून बसवून घेतला होता रे? मलाही बसवायचाय. आणि आईला यातलं काही सांगायचं नाही. विचारलंच तर म्हणू, बेलच्या आवाजानं रेवाची झोप मोडते."