दोन बोटं जास्त

कोट सैल होता. बटण लावल्यावरही पोटापाशी मूठ जाईल इतका. लेकीने मूठ घालून पाहिली. गेली.

"बाबा, तुम्ही वाळलात."

"मी काय कपडा आहे वाळायला?" आरशासमोर उभे असलेले वडील म्हणाले.

ती हसली नाही. आईचंही कपड्यांपासूनच सुरू झालं होतं. आधी ब्लाउज सैल झाले, मग चष्मा नाकावरून घसरायला लागला. वय झालं की होतं असं, सगळेच म्हणाले. तीही म्हणाली होती. डॉक्टरकडे नेलं तेव्हा करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

"उद्या सकाळी तपासून घ्यायचं. सगळं. रक्तबिक्त."

"अगं, परवा तुझ्या मुलीचं लग्न आहे."

"म्हणूनच उद्या."

दुकानाचे शिंपी मास्तर टेप गळ्यात टाकून उभे होते. वडिलांच्या स्वतःच्या लग्नातला कोट मास्तरांच्याच हातचा. तेव्हापासूनचे सगळे कोट त्यांचे, आणि ट्रायलला बोलवायची वेळ कधी आली नव्हती. या सैल कोटाने त्यांचाच जास्त अपमान झाला होता.

"साहेब, जुना चढवा बरं," ते म्हणाले.

वडिलांनी येताना घातलेला, खुंटीवर अडकवलेला जुना कोट चढवला. कोपरांवर विटलेला, पण अंगावर चपखल बसला. लेकीने पुन्हा हात घालून पाहिला. जेमतेम बोटं शिरली.

"म्हणजे बाबा आहेत तसेच आहेत," ती सावकाश म्हणाली. "मग चुकलंय काय?"

"मी," मास्तर म्हणाले. "पण कुठे, तेच कळत नाही."

त्यांनी कोट उतरवायला लावला आणि पोटाभोवती टेप धरला. मग तो तसाच सोडून एक पाऊल मागे गेले, बाजूने वाकून साहेबांकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"साहेब, पोट आत ओढा."

"का?"

"ओढा हो. नेहमीसारखं."

वडिलांनी श्वास घेतला. छाती वर आली, पोट नाहीसं झालं, हनुवटी ताठ झाली. आरशात एकदम कोणीतरी बँकेचा मॅनेजर उभा राहिला. मास्तरांनी पुन्हा माप घेतलं आणि खो खो हसत सुटले.

"ताई, साहेब माप देताना कायम असं पोट ओढायचे. पहिल्या कोटापासून. मी गुपचूप दोन बोटं वाढवून कापायचो. या वेळी यांनी ओढलंच नाही, आणि माझा हात सवयीने वाढवून बसला!"

वडिलांचा श्वास सुटला. पोट जागेवर आलं.

"म्हणजे तुम्हाला कळायचं?"

"अख्ख्या दुकानाला कळायचं."

"आणि मी समजत होतो, माझी अंगकाठीच तशी."

"तुमच्या मिसेसना पण माहीत होतं. त्या डोळ्यांनी खुणावायच्या, वाढवा म्हणून."

वडिलांचे खांदे हलायला लागले, आणि बघता बघता ते इतके हसले की त्यांना स्टुलावर बसावं लागलं.

"मग या वेळी का नाही ओढलं, बाबा?"

"विसरलो."

"विसरलात?"

"हे बघ, आता विसरण्याची काळजी सुरू करू नकोस. ओढायचं विसरलो. बरेच दिवस झाले विसरून." त्यांनी डोळे पुसले. "ऑफिसात ओढायचो, लग्नकार्यात ओढायचो, फोटोत तर विचारू नकोस. हल्ली ते लक्षातच येत नाही. सकाळी उठतो, चहा करतो, बरं वाटतं. का वाटतं, विचारलंस तर सांगता येणार नाही."

लेक त्यांच्याकडे पाहत राहिली.

"खरंच बरे आहात ना? आई गेल्यावर..."

"बरा आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "इतका, की तुझ्यासमोर कबूल करायची लाज वाटते."

तिने नुसताच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

मास्तर खडू घेऊन वाट पाहत होते. "ताई, किती आत घेऊ? तासाभरात देतो करून."

तिने नवा कोट उचलला, वडिलांच्या अंगावर घातला, कॉलर नीट केली.

"नका घेऊ," ती म्हणाली. "त्यांना परवा पोटभर जेवायचंय."

"आता कशी माझी लेक शोभलीस," वडील म्हणाले, आणि बटणं न लावताच दुकानाची पायरी उतरले. कोपऱ्यावरून वारा आला, कोटात शिरला, पाठीवर फुगला. त्यांनी तो फुगू दिला.