मेरी-एलिझाबेथची वही

"थांब. पुन्हा म्हण," इलियास म्हणाला. त्याचं बोट वहीच्या मधल्या ओळीवर होतं.

बेला कुठे अडखळली ते त्याने बरोब्बर पकडलं होतं. तिने जीभ चावली आणि मेरी राणीचं धार्मिक धोरण पुन्हा पहिल्यापासून म्हणायला घेतलं.

बायको मिल्का हॉस्पिटलच्या पाळीला गेली, की इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या त्या घरात बापलेकीची शाळा भरे. बेला ए-लेव्हलच्या, म्हणजे तिथल्या बारावीच्या परीक्षेला बसणार होती. कारखान्यातून दमून आलेला इलियास हातपाय धुऊन, चष्मा लावून, ताठ बसून तिचं म्हणून घेई.

गंमत अशी, की त्याला इंग्रजी वाचताच येत नव्हतं. मराठी चौथी करून तो मुंबईत गिरणीत लागला. विलायतेत आल्यावर बोलण्यापुरतं इंग्रजी जिभेवर बसलं, पण घरातला कागद न् कागद मिल्काच वाची. हे तिच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. बेलाला कळलं तर? एवढ्या शिकणाऱ्या लेकीपुढे बापाने मान वर कशी करायची?

कान मात्र तिखट होते. सिनेगॉगमधल्या हिब्रू प्रार्थना तो लहानपणी अर्थ न कळता, नुसत्या ऐकून शिकला होता. म्हणणाऱ्याचा आवाज डळमळला, की त्याला चटकन समजे. तिथे 'थांब' म्हणायचं, बस.

एकदाच त्याचं धाबं दणाणलं होतं, अगदी पहिल्या दिवशी. बेला मध्येच गप्प झाली. वहीकडे बघितलं, मग त्याच्या बोटाकडे. मग वाकून तिनेच एका ओळीवर बोट ठेवलं. "पप्पा, इथून." त्या दिवसापासून ती रोज स्वतः दप्तरातून वही काढून देई आणि ओळही दाखवी. पोरीला शिस्त आहे, असं इलियासला वाटे.

"तुला कुठली राणी पसंत गं?" आज त्याने विचारलं.

"एलिझाबेथ. मेरीने माणसं जाळली. हिने काय केलं, सगळ्यांनी चर्चला येऊन बसा म्हणाली. कुणाच्या मनात काय आहे, ते नाही विचारलं. दॅट्स गुड मॅनर्स, पप्पा."

"हे वहीत कुठाय?" इलियासने दटावलं.

"नाहीये. ते माझं आहे," बेला हसून म्हणाली.

ऑगस्टात निकाल लागला. बेला इतिहासात शाळेत पहिली! शेजारचे डॉक्टर पद्माकर चॉकलेटांचा डबा घेऊन आले.

"इलियासभाऊ, शिकवणी कुणाची लावली होती?"

"शिकवणी कसली! मीच घ्यायचो रोज म्हणून." इलियासचा ऊर अभिमानाने भरून आला. त्याने कपाटातून खाकी कव्हरची वही काढून डॉक्टरांच्या हातात दिली. "हे बघा. मेरी आणि एलिझाबेथ, दोघी आहेत यात. बसा, मी चहा टाकतो."

चहाचा ट्रे घेऊन तो परतला, तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं.

"बेला, पप्पांनी चुकून फ्रेंचची वही दिली बघ मला," डॉक्टर हळूच म्हणत होते.

"चुकून नाही, काका," बेला त्याहून हळू म्हणाली. "पहिल्या दिवशी घाईत माझ्याच हातून ही गेली. मग बदलली तर त्यांना कळेल, म्हणून मी रोज हीच देत होते. पप्पांना सांगू नका हं."