सैल तारा

“हात लावू नकोस, मागे सरक,” आंटी मोमी पुटपुटली. “म्हाताऱ्याने उघड्यावर ठेवलंय म्हणजे नक्की काहीतरी डाव आहे.”

चटईवर टूटूचं युकुलेली, गिटारसारखं छोटं वाद्य, पडलं होतं. चारही तारा सैल, लोंबत्या. टूटू म्हणजे या सगळ्यांचा आजोबा. आज ऐंशीचा झाला. पोरं, सुना, नातवंडं, सगळी अंगणात जमली होती. खड्ड्यात पुरून भाजायला ठेवलेलं डुक्कर शिजायला अजून तासभर होता. आणि म्हातारा एवढंच म्हणाला होता, “लावा. आपल्या घरच्या पद्धतीने. ज्याला येतं त्याने.”

कोणी जागचं हललं नाही.

हवाईतल्या मोलोकाई बेटावर जुन्या घरांची तारा सुरात लावायची आपापली पद्धत असते आणि ती घराबाहेर जात नाही. टूटू तर घरातल्यांनाही सांगत नसे. सगळ्यांकडे पाठ करून तारा लावायचा, वाजवायचा, आणि गाणं संपलं रे संपलं की खुंट्या फिरवून तारा सैल. “ज्याने चोरली, तो या घराचा नाही,” हे सगळ्या नातवंडांना पाठ होतं. द्यायची तर टूटूच देणार, एकाच्याच कानात.

दोन वर्षांपूर्वी होनोलुलूच्या दवाखान्यातून परत आला, तेव्हापासून तर फारच संशयी झाला होता. लोकांत वाजवणं बंद. युकुलेली काखेत मारून एकटाच तळ्यावर जायचा. तिथून तारा ताणल्याचे आणि सोडल्याचे आवाज यायचे. गाणं कधीच नाही.

“लपून ऐकणाऱ्याला चकवतो,” आंटी मोमी म्हणायची. “मुद्दाम चुकीचे सूर लावतो. बेरकी आहे.”

केहाउ खांबाला टेकून उभी होती. चोवीस वर्षांची, धक्क्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायची. नखांत कायम ग्रीस. तिला ती पद्धत येत होती.

घर खांबांवर उभं. सात वर्षांची असताना ती जमिनीच्या फळ्यांखाली सरपटत गेली होती, कोंबडी शोधायला. वर टूटू तारा लावत होता. पाठ करून बसला होता, पण फळ्यांना कुठली पाठ? कोंबडी राहिली बाजूला. मग चार उन्हाळे ती तिथे जात राहिली. तारांना नक्की काय होतंय ते कळल्याशिवाय तिला चैनच पडेना.

तिने कधी कोणासमोर वाजवलं नाही.

“कोणालाच येत नाही?” टूटू म्हणाला. “बरं. मग माझ्याबरोबर मातीत जाऊ दे.”

कामालू उठला. थोरला नातू. कानात पद्धत पडणार ती आपल्याच, असं धरून नवा शर्ट घालून आला होता. त्याने खिशातून फोन काढला.

“फोन सांगणार तुला आपल्या घरचं?” केहाउ म्हणाली.

“तू इंजिनात तेल घाल गं.”

तो फोनवरचा सूर दाखवणारा काटा बघत एकेक खुंटी पिळत गेला. मग तारा छेडल्या. गोड वाजलं.

“हे तर पर्यटकांच्या दुकानातलं,” टूटू म्हणाला.

सगळे हसले. कामालूने चिडून खुंटी करकचून पिळली. तार किंचाळली.

“अरे तोडशील, गाढवा! दे इकडे!”

युकुलेली हिसकावल्यावर केहाउच्या लक्षात आलं आपण काय केलं ते. आता परत ठेवलं तर ते मातीत. लावलं तर आपण चोर.

ती मांडी घालून बसली. पाठ कोणाकडेच केली नाही.

युकुलेलीची हनुवटीजवळची तार जाड नसते. बारीक असते, चढ्या आवाजाची. जाड तार तिच्या खालची. केहाउने आधी ती ताणली, बोटाला पटेपर्यंत. मग तिच्याच, दांडीवरच्या दुसऱ्या पट्टीवर बोट ठेवलं आणि तो सूर शेजारच्या तिसऱ्या तारेला दिला. सगळं जग इथे चौथ्या पट्टीवर जातं, म्हणून सगळ्या जगाचं गोड वाजतं. मग जाड तारेची सातवी पट्टी. तो सूर हनुवटीजवळच्या तारेला, आणि अगदी तोच सगळ्यात खालच्या तारेला. दोघी जुळ्या.

तिने मोकळ्या तारांवरून अंगठा फिरवला. आवाज हसराही नव्हता, रडकाही नव्हता. कोणीतरी काहीतरी विचारून थांबल्यासारखा होता.

अंगणातल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मोठ्यांना तो आवाज लहानपणापासून माहीत होता.

“चोरलं हिने!” कामालू ओरडला. “टूटू, बघताय ना? चोरलं!”

“डुक्कर करपतंय,” टूटू म्हणाला. “जा, बघा.”

“अहो, अजून तासभर—”

“जा म्हटलं ना! सगळे!”

सगळे गेले. केहाउही उठायला लागली, तर म्हाताऱ्याने तिचं मनगट धरलं.

“मी सात वर्षांची होते,” ती म्हणाली. “फळ्यांखालून ऐकलं. चार वर्षं. माफी मागणार नाही. हाकलायचं तर हाकला, पण ते मातीत नका घालू.”

टूटूने तिचं मनगट सोडलं. युकुलेली मांडीवर घेतलं. एक खुंटी फिरवली, मग दुसरी. चारही तारा सैल केल्या. केहाउने चपला पायात सरकवल्या.

म्हाताऱ्याने अंगणाकडे बघितलं. कोणी ऐकत नव्हतं. त्याने युकुलेली तिच्या पुढ्यात ठेवलं.

“पुन्हा लाव,” तो हळूच म्हणाला. “सावकाश. कुठल्या पट्टीवर बोट ठेवतेस ते तोंडाने सांगत जा. दवाखान्यातून आल्यापासून शोधतोय गं, मला सापडतच नाही.”