काकूंचं प्रेशर

दवाखान्यातली सिस्टर दर आठवड्याला फोन करून काकूंचं ब्लडप्रेशर विचारायची. काकू मात्र मशीनचा पट्टा दंडाला टेकू द्यायच्या नाहीत. "मला काय धाड भरलीय?" म्हणायच्या. उगाच कटकट नको म्हणून काका तो पट्टा गुपचूप स्वतःच्याच दंडाला गुंडाळायचे आणि दिसेल तो आकडा काकूंचा म्हणून सांगून मोकळे व्हायचे.

आज आकडा ऐकून सिस्टरने तो पुन्हा एकदा विचारून घेतला. मग अगदी हळू म्हणाली, "काका, काकूंना आडवं करा, मुळीच उठू देऊ नका. मी अँब्युलन्स पाठवते."

स्टुलावर चढून, गुणगुणत पंखा पुसणाऱ्या काकूंनी वरूनच विचारलं, "काय म्हणते हो ती?"



"तुला नाही गं काही झालेलं," काका म्हणाले, आणि भिंत धरून हळूहळू खाली बसले.